मुलांच्या पुस्तकांतली अक्षरं सगळ्यात शेवटी का निवडता? मराठी बालपुस्तकांच्या प्रकाशकांना खुलं पत्र

मराठीत मुलांसाठी पुस्तकं काढणाऱ्या सर्व प्रकाशकांना आणि संपादकांना,

सप्रेम नमस्कार.

मराठी बालपुस्तकांतली चित्रं अलीकडे फार देखणी झाली आहेत. चित्रकाराचं नाव मुखपृष्ठावर येतं, रंग नीट उतरतात, बांधणीही पूर्वीपेक्षा टिकते. त्याचं श्रेय तुमचंच आहे. पण त्या चित्रांशेजारची अक्षरं कोणी निवडली, कधी निवडली आणि काय पाहून निवडली, असं विचारलं तर बहुतेक पुस्तकांच्या बाबतीत कुणाला काही सांगता येत नाही. चित्रं येतात, पानं ठरतात, किंमत ठरते आणि उरलेल्या जागेत मजकूर ‘बसवला’ जातो. संगणकावर जो फाँट असेल तो लागतो. नाही बसला तर दोन पॉइंट कमी होतात. तरीही नाही बसला तर अक्षरं आडवी दाबून ८५ टक्क्यांवर आणली जातात.

आम्ही अक्षरजुळणी, मांडणी आणि मुद्रितशोधन करणारी माणसं आहोत. पुस्तक आमच्या टेबलावर येतं तेव्हा पानांची संख्या आणि चित्रांतल्या मोकळ्या जागा ठरून गेलेल्या असतात. अक्षराबद्दल काही म्हणायचं तर वेळ निघून गेलेली असते. म्हणून हे पत्र त्याआधी निर्णय घेणाऱ्यांना, म्हणजे तुम्हाला. उघडपणे लिहितो आहोत, कारण पालकांनी, शिक्षकांनी आणि ग्रंथपालांनीही पुस्तक हातात घेतल्यावर या गोष्टी तपासाव्यात असं आम्हाला वाटतं.

मोठा माणूस अक्षर अन् अक्षर वाचत नाही. शब्दाचा अंदाज आणि वाक्याचा ओघ त्याला सावरून घेतात. सहा वर्षांचं मूल तसं करू शकत नाही. ते एकेक अक्षर सोडवतं, मग काना-मात्रा लावतं, मग शब्द जुळवतं. देवनागरीत काही अक्षरांमधला फरक एखाद्या फटीएवढा किंवा एका तिरक्या रेघेएवढाच असतो. ती फट बुजली की मोठ्यांचं काही अडत नाही, मूल मात्र तिथेच थांबतं.

पहिली तक्रार याच फटीची आहे. घ आणि ध, म आणि भ, य आणि थ या तिन्ही जोड्यांना वेगळं ठेवणारी मुख्य खूण एकच: ध, भ, थ यांच्या डोक्यावर डावीकडे शिरोरेषा तुटलेली असते. फाँट जाड घेतला, शिरोरेषा पट्टीसारखी रुंद असली आणि कागद शाई पिणारा असला की ती फट भरते. मग घडा आणि धडा, भाऊ आणि माऊ यांत फरक उरत नाही. माऊ आणि भाऊ दोघेही ज्या गोष्टीत आहेत, तिथे काय गोंधळ होईल ते सांगायला नको. ब आणि व चंही तेच. ब च्या पोटातली तिरकी रेघ जाड ठशात बुजते आणि बेल, वेल, बारा, वारा हे सगळे एकमेकांत मिसळतात. प आणि ष मध्येही फरक पोटातल्या रेघेचाच. ख ची गोष्ट थोडी वेगळी. त्याचे दोन भाग खाली नीट जोडलेले नसतील तर तो ‘रव’ दिसतो, म्हणजे ‘खा’ आणि ‘रवा’ एकच. हा घोळ इतका जुना आहे की ख चा पाय जोडून घेण्याची सुधारणा केव्हाच झाली, पण सजावटीच्या अनेक फाँटांना तिची खबर नाही.

वर-खालच्या खुणांचं याहून वाईट चाललं आहे. बेल आणि बैल यांत एका मात्रेचा फरक, भाडे आणि भांडे यांत एका टिंबाचा. मुलांच्या गोष्टी आपण बोलीच्या जवळच्या भाषेत लिहितो, ‘केलं’, ‘गेलं’, ‘घर मोठं होतं’ असं. म्हणजे एका पानावर वीस-पंचवीस अनुस्वार सहज येतात, आणि टिंब बारीक असलेल्या फाँटात त्यांतले चार-पाच शिरोरेषेत विरघळतात. अनुस्वाराच्या टिंबाचा व्यास निदान काना जितका जाड आहे तितका हवाच, थोडा जास्त असला तर उत्तम. टिंब आणि शिरोरेषा यांच्यामध्ये कागद दिसला पाहिजे. ‘सर्वांना’ या शब्दात रफार आणि अनुस्वार एकाच कान्याच्या डोक्यावर येतात, ‘मूर्तींना’मध्ये वेलांटी, रफार आणि अनुस्वार असे तिघे. चांगल्या फाँटमध्ये या जोड्या मुद्दाम आखलेल्या असतात. वाईट फाँटमध्ये सुटे तुकडे एकमेकांवर चढतात आणि वर नुसता डाग दिसतो.

ऱ्हस्व वेलांटी हीसुद्धा फाँटची परीक्षाच. तिची कमान पूर्ण अक्षरावरून जाऊन दांड्याशी पोचायला हवी. ‘कि’ रुंद, ‘रि’ अरुंद, ‘स्थि’ तर अर्ध्या स सकट लांबच लांब. त्यामुळे जाणकारीने केलेल्या फाँटमध्ये या वेलांटीच्या वेगवेगळ्या रुंदीच्या अनेक आवृत्त्या असतात आणि योग्य ती आपोआप लागते. ज्या फाँटमध्ये एकच आवृत्ती असते, तिथे ‘स्थिती’मधली कमान अर्ध्या स वरच संपते आणि मूल ‘सिथती’ वाचतं. बिचाऱ्याने जे छापलंय तेच वाचलेलं असतं.

दुसरी तक्रार मापाची. ‘आमच्या पुस्तकात सोळा पॉइंट आहे’ हे उत्तर आम्हाला नेहमी मिळतं आणि त्याला फारसा अर्थ नाही. पॉइंट हे अक्षराचं माप नव्हेच. ते पूर्वी शिशाच्या खिळ्याच्या, म्हणजे छपाईसाठी ओतलेल्या सुट्या अक्षराच्या, अंगाचं माप होतं, आणि आज फाँट बनवणाऱ्याने मानलेल्या चौकटीचं आहे. त्या चौकटीत अक्षर किती मोठं बसवायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं. २० पॉइंट म्हणजे सुमारे ७ मिलिमीटर. त्यात शिरोरेषेपासून पायापर्यंतची उंची एका फाँटमध्ये साडेतीन मिलिमीटर निघते, दुसऱ्यात साडेचार. वर रफार-मात्रा आणि खाली उकार-ऋकार यांना जागा ठेवायची असल्याने देवनागरीत हा फरक फार पडतो. इंग्रजी पुस्तकांसाठी सांगितलेली पॉइंटांची मापं म्हणूनच आपल्याला जशीच्या तशी घेता येत नाहीत.

तेव्हा पट्टी घ्या आणि छापलेल्या कागदावर ‘क’ मोजा, शिरोरेषेच्या वरच्या कडेपासून कान्याच्या टोकापर्यंत. नुकतंच वाचायला लागलेल्या, म्हणजे साधारण पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी ही उंची ४ मिलिमीटरच्या खाली नको. सात ते नऊसाठी ३ मिलिमीटर आणि त्यापुढे बारापर्यंत २.५ मिलिमीटर पुरतात. ही मापं आमच्या कामाच्या अनुभवातून आलेली आहेत. कुणी अधिक नेमका अभ्यास करून ती बदलली तर आनंदच होईल, पण काहीतरी मोजलेलं असावं. कान्याची जाडी उंचीच्या सातव्या-आठव्या हिश्श्याइतकी असली की पोकळ्या उघड्या राहतात. त्याहून बरीच जाड असेल तर ब बुजायला लागतो. फार बारीक असेल तर रंगीत पार्श्वभूमीवर अक्षर कुपोषित दिसतं.

खिळ्यांच्या काळात प्रत्येक मापाचा टाइप स्वतंत्र कोरावा लागे. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यासाठी राणोजी रावजी आरूंनी कोरलेल्या टाइपांचं नाव आजही काढलं जातं. प्रत्येक माप वेगळं कोरायचं म्हणजे लहान मापात पोकळी थोडी मोकळी आणि बारीक रेघ थोडी जाड ठेवण्याची संधी कोरणाऱ्याला आपोआप मिळे. आज एकाच आराखड्यातून ९ पॉइंटपासून ९० पॉइंटपर्यंत सगळं निघतं. शीर्षकासाठी आखलेला डौलदार फाँट मजकुराच्या मापाला आणला की त्याच्या बारीक रेघा आधी नाहीशा होतात, त्या याच कारणाने.

ओळींमधल्या अंतराबद्दल थोडक्यात. मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये हे अंतर ‘ऑटो’वर सोडलं की ते अक्षराच्या मापाच्या १२० टक्के धरलं जातं. रोमन लिपीला ते चालतं. देवनागरीत वरच्या ओळीतला ‘द्रू’ आणि खालच्या ओळीतला ‘र्कीं’ एकमेकांना भिडतात. एका शिरोरेषेपासून दुसऱ्या शिरोरेषेपर्यंत मापाच्या १६० ते १७० टक्के अंतर ठेवा, म्हणजे २० पॉइंटला ३२ ते ३४. लहान मुलांच्या पुस्तकात ओळीत पाच ते सात शब्द, मोठ्यांच्यात आठ ते दहा. मराठीत प्रत्यय शब्दालाच जोडले जातात, ‘झाडाखालच्यासारखं’ असा एकच शब्द अर्धी ओळ खातो, म्हणून ओळ फार अरुंदही नको.

तिसरी तक्रार ताणलेल्या ओळींची. दोन्ही कडा सरळ दिसाव्यात म्हणून मजकूर दोन्ही बाजूंनी ओढला जातो. ओळ अरुंद असली की सॉफ्टवेअर आधी शब्दांत आणि मग अक्षरांत जागा घालतं. रोमन लिपीत अक्षरं थोडी विरळ झाली तरी निभावतं. आपल्याकडे शिरोरेषेला भेगा पडतात. आणि शिरोरेषा म्हणजे निव्वळ शोभा नव्हे. ती जिथे संपते तिथे शब्द संपतो, हीच मुलाची खूण. दोन शब्दांमधली फट अरुंद आणि शब्दाच्या आत भेगा, अशा ओळीत शब्द कुठे सुरू होतो तेच कळत नाही. मुलांच्या पुस्तकात ओळ डावीकडे सरळ आणि उजवीकडे मोकळी सोडा. अक्षरांमधलं अंतर शून्य, अक्षराची रुंदी शंभर टक्के, यांना हात लावू नका. शब्दांमधली जागा मात्र नेहमीपेक्षा थोडी जास्त द्या. शब्द तोडून पुढच्या ओळीत नेण्याची सोय बंद करा. ओळ तोडताना अर्थाकडे पाहा. ‘आजीच्या / गोधडीत मांजर झोपलं’ यापेक्षा ‘आजीच्या गोधडीत / मांजर झोपलं’ वाचायला सोपं, आणि हे काम सॉफ्टवेअर करणार नाही, माणसालाच करावं लागेल.

चौथी तक्रार मराठी वळणाची, आणि ही आम्हाला सगळ्यात जास्त खुपते. शाळेत मुलाला दोन पाकळ्यांचा ल आणि देठाचा श गिरवायला लावतात. गोष्टीच्या पुस्तकात मात्र उजवीकडे दंड असलेला ल आणि शेंडीचा श हे हिंदीचं वळण येतं. ५, ८ आणि ९ या आकड्यांचंही तसंच. हिंदीच्या वळणात वाईट काही नाही. उलट अ, झ, ण यांची आज सगळीकडे रूढ असलेली रूपं हिंदीने मुंबईच्या मराठी वळणातूनच घेतली. पण जे मूल अजून अक्षर ओळखायला शिकतं आहे, त्याच्यापुढे एकाच अक्षराच्या दोन मूर्ती ठेवण्याचं कारण काय? राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने प्रमाण वर्णमाला ठरवून दिली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सुधारित निर्णय काढला. त्यात देठाचा श आणि पाकळीचा ल स्पष्ट सांगितला आहे. म्हणजे नियम आहे, तो फक्त छापखान्यापर्यंत पोचलेला नाही.

हे दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत. युनिकोड म्हणजे संगणकावरच्या अक्षरांची जगभर एकच असलेली संकेतपद्धत. तिच्यावर चालणाऱ्या अनेक चांगल्या फाँटांमध्ये दोन्ही वळणं आतच असतात. कुठलं दिसावं हे मजकुराला लावलेल्या भाषेवरून ठरतं. इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये परिच्छेदाच्या शैलीत भाषा ‘मराठी’ निवडायची आणि कंपोझर, म्हणजे अक्षरं-ओळी जुळवणारा भाग, ‘वर्ल्ड-रेडी’ ठेवायचा. भाषा ‘हिंदी’ किंवा ‘इंग्लिश’ राहिली तर हिंदी वळण येतं. कंपोझर साधा राहिला तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे पडते आणि जोडाक्षरं सुटतात. ई-पुस्तकात भाषेचा कोड मराठीचा द्यायचा. आणि एवढं करून पीडीएफमध्ये ‘किल्ल्यात’, ‘गल्ली’, ‘विश्वास’, ‘आश्चर्य’ हे शब्द डोळ्यांनी पाहायचे. काही फाँटांत पूर्ण ल मराठी होतो आणि अर्धा ल हिंदीच राहतो, मग एकाच शब्दात दोन घराणी नांदतात.

जोडाक्षरांचा प्रश्न नाजूक आहे. शालेय पाठ्यपुस्तकांत ‘विद्‌यार्थी’, ‘शुद्‌ध’ असं पाय मोडून छापण्याची पद्धत मुलं पाहतात. बाहेर सगळीकडे ‘विद्यार्थी’, ‘शुद्ध’ असतं. आमच्यातही यावर एकमत नाही. ज्यावर आहे ते असं: अगदी पहिल्या वाचनाच्या पुस्तकात उभ्या रचनेची जोडाक्षरं मुळात लेखकानेच कमी वापरावीत, आठ वर्षांपुढच्या पुस्तकात ती जोडूनच छापावीत, आणि काहीही ठरवलं तरी एका पुस्तकात एकच पद्धत ठेवावी. सध्या दिसते ती सरमिसळ कुणी ठरवून केलेली नसते. फाँटमध्ये जे जोडाक्षर नव्हतं त्याचा पाय मोडला, जे होतं ते जुळलं, एवढंच.

पाचवी तक्रार जुन्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्यांची. युनिकोडपूर्व फाँटांत जुळलेला मजकूर रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅममधून काढायचा आणि थेट पानांत ओतायचा, ही पद्धत सर्रास चालते. त्यात सगळ्यात आधी बळी जातो तो आडव्या अर्ध्या र चा. ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. डोंगरातल्या खोल दऱ्यांचा समुद्र झाला तरी शब्दतपासणी काही बोलत नाही, कारण दोन्ही शब्द बरोबर आहेत. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘तऱ्हा’, ‘गोऱ्या’ या सगळ्यांची हीच गत. उपाय कंटाळवाणा पण सोपा आहे: रूपांतरानंतर ‘र्य’ आणि ‘र्ह’ हे तुकडे शोधायला लावायचे आणि प्रत्येक ठिकाणी मूळ पुस्तक उघडून पाहायचं. ‘सूर्य’ आणि ‘कार्य’ तसेच सोडायचे, बाकीचे दुरुस्त करायचे. दुसरा बळी ॲ. युनिकोडमध्ये या अक्षराला स्वतःचं स्थान २००८ मध्ये मिळालं. त्याआधी बनलेल्या फाँटमध्ये ते नसतं, मग अ वर सुटा चंद्र चिकटवला जातो आणि पडद्यावर मध्येच ठिपक्यांचं वर्तुळ उगवतं. ‘ॲल्युमिनिअम’ मुलांच्या गोष्टीत क्वचितच येईल, पण ‘ॲनी’ आणि ‘ॲप’ येतातच. रफार एक अक्षर पुढे-मागे सरकणं हा तिसरा नेहमीचा दोष. मुद्रितशोधनासाठी दोन दिवस जास्त द्या आणि त्याचे पैसे द्या. रूपांतर फुकट होतं म्हणून तपासणीही फुकट होईल असं नाही.

आता चित्रांवर छापलेल्या मजकुराबद्दल. आकाश निळं असेल तर त्यावर काळी अक्षरं ठीक. त्याच आकाशात ढग, पतंग आणि झाडाच्या फांद्या असतील तर फांदी आणि मात्रा यांत फरक करायचं काम मुलावर पडतं. चित्रकाराला चित्र काढायच्या आधीच मजकुराची चौकट आखून द्या, खऱ्या फाँटमध्ये, खऱ्या मापात. काळी अक्षरं फक्त काळ्या शाईत छापा. चार रंग मिसळून केलेला काळा घेतला आणि त्या रंगांची एकमेकांवरची जुळणी केसभर सरकली की प्रत्येक अक्षराला लाल-निळी सावली येते, आणि अनुस्वारासारखी बारीक खूण पहिली जाते. गडद चित्रात पांढरी अक्षरं सोडायची असतील तर फाँट एक पायरी जाड घ्या, कारण चारही बाजूंनी शाई आत येते. नेहमीच्या फाँटला बाहेरून रेघ लावून खोटा जाडपणा आणू नका, त्याने पोकळ्या बुजतात. तिरकं करणंही सोडा. देवनागरीला तिरप्या अक्षरांची परंपरा नाही. तिरका केलेला काना मुलाला पडायला आलेला दिसतो. एखादा शब्द उठून दिसायला हवा तर त्याच फाँटच्या कुटुंबातलं जाड वजन, म्हणजे त्याच वळणाची ठळक आवृत्ती, वापरा.

हस्ताक्षराची नक्कल करणारे, शिरोरेषा उडवलेले, उड्या मारणारे फाँट ‘मुलांचे’ वाटतात ते मोठ्यांना. मुखपृष्ठावर आणि प्रकरणाच्या नावात ते खुशाल वापरा, तिथे मजा हवीच. आतल्या मजकुरात नको.

कागदाबद्दल एकच. चकचकीत आर्टपेपरवर दिव्याचा उजेड परततो आणि पान तिरकं धरावं लागतं. मॅट आर्ट किंवा बऱ्यापैकी जाड मॅपलिथो घ्या, मागचं चित्र पुढे डोकावणार नाही असा. आणि फाँटची चाचणी त्याच कागदावर घ्या. लेझर प्रिंटवर जो फाँट सुरेख दिसतो तोच मॅपलिथोवर सुजतो.

‘चांगले फाँट महाग असतात’ ही सबब आता उरलेली नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेने केलेला मुक्ता सात वजनांत मिळतो, खुल्या परवान्यात आहे आणि साध्या एकसारख्या जाडीच्या रेघांमुळे लहान मुलांच्या मजकुराला चालतो. त्यांचाच गुबगुबीत बलू शीर्षकाला छान, पण परिच्छेदाला नव्हे. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा आहे. गूगलच्या नोटो मालिकेतले देवनागरी फाँट आहेत. कॅनडातल्या टीरो संस्थेच्या ‘टीरो देवनागरी’चे हिंदी, मराठी आणि संस्कृत असे तीन वेगळे फाँट आहेत, म्हणजे बाहेरच्यांनाही मराठीचं वेगळेपण मान्य आहे. त्याच्या जाड-बारीक रेघा नऊ-दहा वर्षांपुढच्या मुलांच्या पुस्तकांना शोभतील, त्याआधी नको. याउलट मंगल. र. कृ. जोशींनी तो मायक्रोसॉफ्टसाठी केला तो पडद्यावर वाचण्यासाठी. संगणकावर आयता सापडतो म्हणून तो छापील गोष्टीत घालणं हा त्या फाँटवरही अन्यायच. यांतला कुठलाही घ्या, पण वर सांगितलेल्या कसोट्या लावून घ्या. आमच्या शब्दावर नको.

कसोटीसाठी एक पान तयार ठेवा. त्यावर हे शब्द प्रत्यक्ष मापात, प्रत्यक्ष कागदावर छापा: घडा धडा, भाऊ माऊ, कया कथा, बेल वेल बैल, रवा खा, पाट पाठ, डाळ ढाल, पोषण, भाडे भांडे, पुरण पूर, रुमाल रूप, हृदय, कृष्णा, दऱ्या दर्या, दुसऱ्या, तऱ्हा, सर्वांना, मूर्तींना, विद्यार्थ्यांना, स्थिती, क्षितिज, किल्ल्यात, आश्चर्य, श्रद्धा, चिन्ह, ब्रह्म, उद्गार, राष्ट्र, ड्रम, ॲप, बॅट, ऑक्टोबर, १ ५ ८ ९. रुमाल आणि रूप मुद्दाम घातले आहेत, कारण र चा उकार पायाखाली न लागता कुशीत लागतो आणि ऱ्हस्व-दीर्घ तिथे सगळ्यात लवकर गडबडतात. हे पान पहिली-दुसरीतल्या पाच-सहा मुलांना वाचायला द्या. कुठे अडतात ते पेन्सिलीने खूण करा. तीन मुलं एकाच ठिकाणी अडली तर दोष मुलांचा नसतो.

आमच्या मागण्या अशा आहेत.

१. फाँट, त्याची मिलिमीटरमधली उंची आणि ओळींमधलं अंतर पुस्तकाची पानं आणि किंमत ठरवण्याच्या आधी ठरवा. ३२ पानांचा मजकूर २४ पानांत कोंबायची वेळ आलीच तर शब्द कमी करा, अक्षर नको. लेखकाला ते सांगायची जबाबदारी संपादकाची, मांडणी करणाऱ्याची नाही.

२. मराठी पुस्तकात मराठी ल, श आणि मराठी आकडे. यात सवलत नको.

३. रूपांतरित मजकुराचं संपूर्ण मुद्रितशोधन मूळ प्रतीशी ताडून करा, नुसतं वाचून नको.

४. छपाईच्या कागदावरचं कसोटीचं पान संपादकाच्या सहीशिवाय पुढे जाऊ नये.

५. श्रेयनामावलीत फाँटचं नाव, त्याचं माप आणि अक्षरमांडणी करणाऱ्याचं नाव छापा. नाव छापायचं म्हटलं की निवड कुणाची हेही ठरवावं लागतं.

६. पुस्तकाच्या मागे ‘वयोगट ५ ते ७’ लिहिता, तो गोष्टीवरून ठरतो. अक्षर त्या वयाचं नसेल तर तो वयोगट लिहू नका.

यातल्या पाच मागण्यांना कामाच्या वेळेपलीकडे खर्च नाही. पहिलीला आहे, काही पुस्तकांत आठ पानं वाढतील. त्यावर बोलायला आम्ही तयार आहोत: समासाची रुंदी, पुस्तकाचा आकार, दोन चित्रांऐवजी एक, यांतून बरंच निघतं, आणि फर्म्याचा, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकदम छापल्या जाणाऱ्या पानांचा, हिशेब आम्हालाही येतो. कसोटीचं पान ज्यांना हवं त्यांनी आपल्या मांडणीकाराकडे मागावं. वरचे शब्द जसेच्या तसे उतरवून घ्यायला आमची हरकत नाही. पुढच्या हंगामाच्या पुस्तकांची चित्रं अजून चित्रकारांकडे असतील, तेव्हा मजकुराच्या चौकटी आखून द्यायला अजून वेळ आहे.

आपले,
मराठी पुस्तकांची अक्षरजुळणी, मांडणी आणि मुद्रितशोधन करणारे काही जण